तुझी बसायची जागा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "हल्ली मी माणूसघाणा झालोय, घर आणि ऑफिस एवढंच उरलंय" हे वाचलं आणि राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो. नव्या गावात जाऊन थोडे दिवस होत नाहीत तोच स्वतःवर असा शिक्का मारून मोकळा झालास! अरे, तुला तिथे अजून अड्डा मिळालेला नाही, एवढंच झालंय. आणि अड्डा नसला की माणसाच्या स्वभावाचा एक मोठा भाग नुसता मिटून बसतो, असं माझं ठाम मत आहे.

मैदानाच्या पायऱ्यांवर आपण कसे बसायचो ते आठवून बघ. तू कायम सगळ्यांत खालच्या पायरीवर, फाटकाकडे तोंड करून. आत येणारा प्रत्येक जण आधी तुला भेटायचा. कुणी नवखा फाटकाशीच घुटमळत उभा राहिला, तर तू बूड जरासं सरकवून जागा करायचास आणि हातानेच "ये" म्हणायचास. मग ओळख करून देताना नुसती नावं सांगून थांबायचा नाहीस. दोघांना जोडणारं काहीतरी तुझ्याकडे हमखास असायचं: हाही बुद्धिबळ खेळतो, ह्याचीही बहीण त्याच वर्गात आहे. ते दोघं बोलण्यात रंगले की तू परत फाटकाकडे बघायला मोकळा. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं.

आणि आपला अबोल चित्रकार? तो सगळ्यांत वर, भिंतीला पाठ टेकून, मांडीवर वही. त्याला आग्रहाने खाली घोळक्यात ओढलं की थोड्या वेळाने काहीतरी निमित्त सांगून निघून जायचा. वर सोडला तर मात्र अंधार पडेपर्यंत हलायचा नाही. मी मधल्या पायरीवर, एक कान वर आणि एक कान खाली. पायऱ्या त्याच, वेळ तीच, पण तिघांच्या तीन तऱ्हा.

म्हणूनच "कुठे जातोस सांग, म्हणजे तू कसा आहेस ते सांगतो" हे मला अर्धवट वाटतं. वाचनालयात एक जण शांततेसाठी जातो, तर दुसरा केवळ आजूबाजूला माणसं असावीत म्हणून. दोघांचा पत्ता एकच. माणूस कळतो तो तिथे गेल्यावर कुठली खुर्ची धरतो, कुणासाठी उठतो आणि किती वेळाने चुळबुळ करायला लागतो यावरून.

चित्रकाराच्या त्या उठून जाण्याचा उलगडा मला एका जुन्या प्रयोगात सापडला. रसेल गीन या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली बहिर्मुख आणि अंतर्मुख अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना शिकण्याचं एक काम दिलं आणि कानावर पडणारा आवाज ज्याचा त्याला ठरवू दिला. बहिर्मुखांनी मोठा आवाज निवडला, अंतर्मुखांनी बारीक. ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या आवाजात काम केलं तेव्हा दोघांचंही छान जमलं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माथी मारला, तेव्हा बिघडलं. म्हणजे आपला दोस्त शिष्ट नव्हता. त्याला आपण सगळे हवे होतो, फक्त चार पायऱ्यांच्या अंतरावरून. स्वतःची चित्रं त्याने पहिल्यांदा तिथेच दाखवली, हे तर तुला माहीतच आहे.

तुझ्या "घर आणि ऑफिस" या शब्दांवरून आणखी एक आठवलं. रे ओल्डेनबर्ग नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८९ मधल्या एका पुस्तकात 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली. घर ही पहिली, काम ही दुसरी, आणि तिसरी म्हणजे जिथे कुणी कुणाचा यजमान नसतो, हुद्दा दाराबाहेर राहतो आणि बोलणं हेच मुख्य काम असतं. हे मला शंभर टक्के पटतं. घरी तू बाप आहेस, मुलगा आहेस, नवरा आहेस. ऑफिसात तुझं पद आहे. दोन्हीकडे तू कसं वागायचं ते बरंचसं आधीच ठरलेलं असतं. तिसऱ्या जागी कुणी काही मागत नाही, आणि तिथे जे आपसूक होतं तो खरा आपला पिंड.

तू म्हणशील, सगळ्यांना कुठे निवडायला मिळतं? खरं आहे. कुणाला जवळ असेल तिथेच जावं लागतं, कुणाला फुकट बसू देतील तिथे. बायकांना विनाकारण निवांत बसता येईल अशा जागा तर फारच थोड्या, याची मला मनापासून चीड येते. म्हणून एखाद्याच्या अड्ड्यावरून त्याला जोखायची घाई मी करत नाही.

पण तुला निवडता येतंय, तर नीट निवड. जिममध्ये तुझं जमणार नाही. तिथे जो तो कानात हेडफोन घालून येतो. जिथे माणसं एकेकटी, दुकटी येतात आणि आत शिरताना क्षणभर थबकतात, अशी जागा बघ. वाचनालयाचा वर्तमानपत्रांचा कक्ष, बॅडमिंटन कोर्टाबाहेरचा बाक, असं काहीतरी. खुर्च्या हलवता येत असतील तर उत्तमच. शहरातल्या मोकळ्या जागांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये माणसं कशी बसतात याचं वर्षानुवर्षं चित्रीकरण केलं होतं. त्यांना दिसलं की सुटी खुर्ची मिळाली की लोक बसण्याआधी ती जराशी सरकवतातच, गरज असो वा नसो. तुझी खुर्ची दाराकडे सरकेल, यात मला तिळमात्र शंका नाही.

आणि एक कर. रोज जागा बदलू नकोस. एकच जागा, एकच वेळ, सलग काही दिवस. अड्डा हा नेहमीच्या लोकांमुळे होतो, आणि नेहमीचं व्हायला चेहरा ओळखीचा व्हावा लागतो. सुरुवातीला कुणी बोललं नाही तरी चालेल. मान हलवणारे दोघं-तिघं झाले की पुढचं तू करशीलच.

पुढच्या महिन्यात आपला चित्रकार कामासाठी तुझ्या गावी येतोय. त्याला थेट घरी नेऊ नकोस. तोवर जागा पक्की कर आणि तिथेच बोलाव. मात्र तो येण्याआधी भिंतीकडेची एखादी खुर्ची धरून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. जागा सापडली की कळव.

तुझाच,
मधल्या पायरीवरचा