कामाची पोच

१८ मे २०२५

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर गावाची खबर विचारलीस आणि नेमकी रेंज गेली. म्हटलं, आता सवडीने लिहूनच कळवावं.

एप्रिलात माणसं ऊसतोड संपवून कारखान्यावरून परत आली. पेरणीपर्यंत हाताला काम नाही, आणि मुकादम पुढच्या हंगामाच्या उचलीचे, म्हणजे आगाऊ मजुरीचे पैसे घेऊन दारात. दर वर्षीचंच. यंदा मात्र आपल्या गल्लीतल्या सात कोयत्यांनी, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांनी, अजून उचल धरलेली नाही.

मी पुण्यात चार वर्षं एमपीएससीसाठी काय काय घोकलं! १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे, १९७७ चा राज्याचा रोजगार हमी कायदा, पुढे २००५ चा दिल्लीचा. वर्षातल्या शंभर दिवसांच्या कामाची हमी केंद्राची, त्यापुढची राज्याची. पण कामाची मागणी करायची कशी, हे गावात येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आपली माणसं वर्षानुवर्षं 'साहेब, काम काढा' एवढंच तोंडी म्हणत आली. वरून मंजुरी नाही म्हटलं की मुकाट घरी. खरं तर नमुना चारचा अर्ज भरायचा आणि तारखेची पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारभत्ता लागू. सगळा जीव त्या पोचेत.

आम्ही एकवीस जण अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. तिथे उत्तर मिळालं, "ठेवून जा, पोच नंतर बघू." झालं, तुझ्या चुलतीने पायरीवरच बसकण मारली. म्हणाली, "ऊस काट्यावर गेला की पावती निघती. माणसाची का निघना?" न सापडणारा शिक्का तासाभराने टेबलाच्या खणातच सापडला.

बाराव्या दिवशी गायरानाच्या माळावर सलग समतल चराचं, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे चर खणायचं काम निघालं. दोन फूट रुंद, एक फूट खोल. वरची वीतभर माती गेली की खाली नुसता मुरूम, टिकाव उसळतो. दर दिवसाला ३१२ रुपये होता खरा, पण मजुरी खोदाईच्या मोजमापावर. पहिल्या आठवड्यात मोजताना मुरूम मऊ माती म्हणून धरला आणि माणशी दोनशेही पडले नाहीत. भांडून पुन्हा टेप लावायला लावला. हजेरीचा फोटो दिवसातून दोनदा काढून मोबाइलच्या अ‍ॅपवर टाकायचा, पण माळावर रेंज कुठली? मग देवळाच्या ओट्यावर चढायचं.

फार हुरळून जाऊ नकोस. लेकीचं लग्न, दवाखाना निघाला की एकरकमी पैसा मुकादमाकडेच मिळतो. हे काम त्याला पुरं पडत नाही. दुसऱ्या दोन घरांनी उचल घेतलीच. आणि डीएड झालेली पोरं चरावर यायला लाजतात. त्यांना काय बोलू, पहिले दोन दिवस मीही तोंडाला रुमाल बांधूनच गेलो होतो.

तुझ्या आईचं रोजगार हमीचं जॉबकार्ड आहे, पण बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं नाही, म्हणून तिचं नाव हजेरीपटावर चढत नाही. येशील तेव्हा तिला तालुक्याला घेऊन जा. सकाळीच जा, दुपारनंतर सर्व्हर बसतो. आणि येताना जुना स्मार्टफोन असेल तर आण, माझ्याचा कॅमेरा गेलाय.

तुझाच,
दादू