अक्काच्या आगरातल्या लाऱ्या

दाभोळ,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बाळू,

गणपतीला आला नाहीस म्हणून तुझे दोन फोन मुद्दाम उचलले नाहीत. तो राग आता गेला. जे झालंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला कळायचंही नाही. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात आहे.

अक्काच्या कुडीची फिरकी शिंपणं करताना आगरात पडली. "तुझं ते यंत्र घेऊन ये रे," असा निरोप आला. धातू शोधायचं यंत्र घेऊन गेलो. आगरात पावलापावलाला खिळा, पत्रा, गुटख्याची पुडी. तरी फिरकी पाटाच्या कडेला अर्ध्या तासात मिळाली. तिथेच थांबायला हवं होतं. पण जून २०२० च्या निसर्ग वादळात गडग्याकडचा माड मुळासकट पडला ना, त्याच्या खळग्यावरून यंत्राची थाळी फिरवली आणि कानात सूर आला. खिळा तुटक कुरकुरतो. हा घंटेसारखा स्वच्छ, आडवं फिरवा की उभं, तोच. वीतभर खणलं तर लोटक्याच्या खापऱ्या, आणि त्यांत काळ्या पडलेल्या, दुमडलेल्या तारा. आधी वाटलं केसांचे आकडे.

बाळू, त्या लाऱ्या आहेत. अकरा. चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेलं नाणं. इराणातल्या लार गावावरून नाव पडलं, आणि सोळाव्या-सतराव्या शतकात आखातापासून आपल्या बंदरांपर्यंत या चालायच्या. दुसऱ्या अली आदिलशाहाच्याही लाऱ्या आहेत, म्हणजे १६५६ ते १६७२ मधल्या. आपल्या कुठल्या नाण्यावर कुणाचं नाव आहे ते मला वाचता येत नाही. आणि एकावरचं तर आता कुणालाच वाचता येणार नाही.

मी ती घासली. विहिरीवर बसून, चिंच आणि राखुंडी लावून. टोकाला उठलेली अक्षरं माझ्या नखाखाली काळी भुकटी होऊन आली. हात थांबले तेव्हा गुळगुळीत पांढरी तार उरली होती. तुला ती खाडीवरची शिवराई आठवते? तू चिंचेने घासलीस, एका बाजूचं 'श्री राजा शिव' पार गेलं, आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र'ही जाऊन नुसतं 'पति' उरलं. मी शिमग्यापर्यंत तुझ्याशी बोललो नव्हतो. पुढे तुझ्या लग्नात, भर पंगतीत, तुला 'पतिराज' म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. ते सगळं मागे घेतो. मनापासून.

आता काय करायचं? मला रात्री झोप नाही. डबा अक्काच्या तांदळाच्या कणगीत ठेवलाय. १८७८ चा निखात निधीचा कायदा मी वाचून काढला. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं की कलेक्टरला लेखी कळवायचं. लपवलं तर वर्षभर कैद, नाहीतर दंड, किंवा दोन्ही. धनी कुणी निघाला नाही तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक जागेच्या मालकाचा. मालक म्हणजे कोण रे? सात-बारावर सतरा नावं, त्यातली सहा वारलेली. आणि तुमच्या जागेत तुम्हाला न विचारता खणणारा मी तीन हिस्से घेणार? मला एकही नको. पण कलेक्टरला कळवणं तुमच्या विजूला पटत नाही. तो पुण्याहून रोज फोन करतो: आटवून अक्काला बांगड्या करू, कुणाला कळतंय! अक्काच्या हातात आता नुसती काच आहे, हे तोही बघतो, मीही बघतो. म्हणून त्याला तोडून बोलता येत नाही. अक्का म्हणते, "ज्याने पुरलं त्याला आधी बोलावून आणा, मग भांडा."

समुद्रात मिळालेलं देताना मला कधी जड गेलं नाही. मे महिन्यात मुरुडला एका नव्या जोडप्याची अंगठी कमरेएवढ्या पाण्यात गेली. साधं यंत्र खाऱ्या ओल्या वाळूत उगाच ओरडतं, काळ्या वाळूत तर फारच. म्हणून खाऱ्या पाण्यात चालणारं पल्सचं यंत्र नेलं. ते निवड करत नाही, बाटलीच्या बुचालाही त्याच मायेने बोलावतं. सत्तावीस बुचं निघाली, मग अंगठी. ती पोरगी रडली, मी घरी येऊन जेवलो, संपलं. इथे कुणाच्या हातावर ठेवू? ज्याने हे लोटकं पुरलं तो परत येणार होता, बाळू. गडग्यापासून मोजून जागा धरली असेल त्याने.

तुझ्या नव्या घराचं कळलं. सईला बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला, तिला शाबासकी दे. वहिनींचा हात प्लास्टरमधून निघाला का?

अर्ज लिहून ठेवलाय. अकरा म्हणूनच लिहिलंय, आणि एक घासली, ती माझ्या हातून, हेही. लाऱ्या सापडल्या ती जागा, खोली, खापऱ्या, सगळं मोजून टिपलंय. तुमच्या घरातल्या कुणीतरी सोबत असल्याशिवाय मी तहसीलची पायरी चढणार नाही, आणि विजूला नाही म्हणणं तुलाच जमेल. रात्रीची गाडी धर. पहाटे खेडला मी रिक्षा घेऊन उभा राहतो.

तुझा,
दत्ता

ता.क. अक्काला फोन करून फिरकीचं विचार. मोठ्याने बोल, डाव्या कानाने ऐकू येत नाही आता.