मराठी शिव्यांची यादी आम्हीच करायची?

संपादक महोदय,

माझी मुलगी रात्री जेवणानंतर बीजीएमआय हा मोबाइलवरचा नेमबाजीच्या लढाईचा खेळ खेळते आणि तो इंटरनेटवर लाइव्ह दाखवते. तिच्या चॅटवर पहारा ठेवणाऱ्या मॉडरेटरांपैकी एक मी. मी तिची आई आहे हे तिथे कोणाला ठाऊक नाही, हे बरेच म्हणायचे.

हरली की 'जा, भाकरी थाप'. जिंकली की 'मागून भाऊ खेळतोय'. ही त्यातली सभ्य वाक्ये, बाकीची तुम्ही छापणार नाही. अ‍ॅपचा फिल्टर इंग्रजी शिव्या बऱ्यापैकी अडवतो. पण मराठी शिवी इंग्रजी अक्षरांत, मध्ये एखादे टिंब किंवा आकडा घालून आली की सरळ आत शिरते. मग बंदी घालायच्या शब्दांची यादी आम्ही वाढवत बसतो. जन्मात तोंडातून न काढलेले शब्द मी हल्ली नाना स्पेलिंगांत टाइप करते. पैसे भरून पाठवलेली शिवी तर रंगीत पट्टीत वर झळकते आणि त्या पैशांत कंपनीचाही वाटा असतो!

अनोळखी खेळाडूंच्या स्क्वाडमध्ये ती माइक बंद ठेवते. आवाज मुलीचा निघाला की सुरू होते ना सगळे. पण माइक बंद म्हणजे शत्रू कोणत्या घरात लपलाय हे साथीदारांना सांगता येत नाही. डाव जातो आणि पुन्हा 'पोरींना खेळता येत नाही' हे आहेच.

नातेवाईक म्हणतात, बंद कर. छिंदवाड्याजवळच्या उमरानाल्याची पायल धारे एवढी मोठी गेमर. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांना भेटलेल्या सात गेमर्समध्ये ती एकटीच मुलगी होती. तिच्या नावानेही २०२५च्या डिसेंबरात बनावट व्हिडिओ फिरवला गेला. तो डीपफेक असल्याचे महाराष्ट्र सायबरने सांगेपर्यंत लोकांनी तो मिटक्या मारत पाहिला. बंद कोणी करायला हवे होते?

कंपन्या आपणहून हलत नाहीत. ट्विच या खेळ लाइव्ह दाखवायच्या साइटवर टोळ्यांनी येऊन शिवीगाळ व्हायची, तेव्हा १ सप्टेंबर २०२१ रोजी स्ट्रीमर्सनी दिवसभर बहिष्कार घातला. त्याच महिन्यात फोन नंबर पडताळल्याशिवाय चॅट करू न देण्याची सोय आली. मराठी बोलणाऱ्यांकडून जाहिरातींचे पैसे मिळवणाऱ्यांनी मराठी शिव्या ओळखणारी माणसे पगार देऊन नेमावीत. आणि चॅटमध्ये बसलेल्या बाकीच्या पोरांनो, शिवी दिसली की हसणारी इमोजी टाकण्याऐवजी रिपोर्टचे बटण दाबा. तेही तिथेच असते.

– एक आई, बार्शी
(मुलीच्या सुरक्षिततेसाठी नाव छापू नये, ही विनंती.)