साप्ताहिक एक्स्पायरी बंदच करा

महोदय,

सदाशिव पेठेत मी बारावीला कॉमर्स शिकवते. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर स्पर्धा परीक्षेची मुलं मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे हा शेअर निर्देशांक वर जाईल की खाली यावर पैसे लावायचे करार, बघत उभी असतात. त्या दिवशी साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे त्या आठवड्याच्या करारांची मुदत संपते. शेवटच्या अर्ध्या तासात प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, चौपट होतो नि शून्यावरही येतो. गावाहून मेससाठी आलेले पैसे त्यात जातात, हे बघवत नाही.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या 'सेबी'च्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला. त्यानंतर प्रत्येक शेअर बाजाराला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी उरली, नव्या कराराचं किमान मूल्य १५ लाख झालं. चांगलं झालं, पण अर्धंच. सर्किट ब्रेकर, म्हणजे व्यवहार काही काळ थांबवण्याची सोय, तर निर्देशांक १० टक्के हलल्याशिवाय लागतच नाही. एक्स्पायरीच्या हेलकाव्यांना त्याचा काय उपयोग? साप्ताहिक करार बंद करावेत, मासिक पुरेसे आहेत. शिवाय ब्रोकरने असे व्यवहार सुरू करून देताना उत्पन्नाचा पुरावा म्हणून नुसतं बँक स्टेटमेंट चालवून घेऊ नये. वडिलांनी पाठवलेले पैसेही त्यात जमाच दिसतात.

- एक शिक्षिका, पुणे ३०