कंदिलाच्या 24 कामट्या

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल रात्री दुधाचं पातेलं गच्चीत नेऊन ठेवलं आणि लगेच तुम्हाला फोन लावला. बाबा म्हणाले, "काही नाही, बसलोय." आई म्हणाली, "हे टीव्हीसमोर, मी इकडे स्वयंपाकघरात." गेलं वर्षभर हेच ऐकतेय. फोनवर बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात आणि आज मला बाबांशीच जास्त बोलायचंय, म्हणून पत्र.

बाबा, मागच्या दिवाळीत आपल्या दारावर विकतचा प्लॅस्टिकचा कंदील होता. तुम्ही म्हणालात, "आता कोण एवढा व्याप करणार?" मी तेव्हा काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून दमून यायचात तरी वसुबारसेच्या आधी ओटीवर कामट्यांचा पसारा मांडायचात. मला घराची दिवाळी त्या पसाऱ्यापासून सुरू झालेली आठवते. फराळ त्याच्या नंतरचा.

गेल्या महिन्यात छोटूला तो कंदील करून दाखवायचा म्हणून मी स्वतः बसले. बुरुडाकडून बांबू आणला, 9 इंचांच्या 24 कामट्या कापल्या, चार-चारचे सहा चौकोन बांधले आणि कोपऱ्याला कोपरा जोडत गेले. उभा राहिला तेव्हा छोटूने टाळ्या वाजवल्या. चार दिवसांनी बघते तर कंदील एका अंगावर कलंडलेला, दोन चौकोनांचे पतंगासारखे तिरके आकार झालेले. बांबू ओला होता. वाळताना आकसला आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडल्या. तुम्ही कामट्या आधी दोन दिवस उन्हात टाकायचात, टोकांना चाकूने खाच पाडायचात, हे मी रोज पाहत होते आणि तरी विसरले होते.

पण नुसतं वाळवून भागलं नसतं. खरी चूक मला नंतर कळली, तीही आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत. छोटूला घेऊन गेले होते. तिथे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे दिले होते. ट्यूबच्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खुपसायच्या की झाला सांधा. छोटूने चौकोन केला, बोटाने ढकलला, तो लगेच तिरका झाला. मग त्रिकोण केला. कितीही ढकला, हलेना. हे अरविंद गुप्तांचं काम. पुण्यात टेल्कोमध्ये, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, इंजिनिअर असताना 1978 साली ते वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे गावच्या बाजारात मिळणाऱ्या असल्या स्वस्त वस्तूंतून खेळणी करायला लागले. पुढे त्यांनी आयुकातही बरीच वर्षं काम केलं. बाबा, तुम्हाला हा माणूस फार आवडेल. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही पुस्तकं फुकट वाचायला मिळतात, आल्यावर तुमच्या फोनवर काढून देते.

तिथे बसल्या बसल्या मला तुमचा दोरा आठवला. प्रत्येक चौकोनात तुम्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणून फुली करायचात. मी लहानपणी विचारलं होतं, एक दोरा का नाही चालत? तुम्ही म्हणालात, दोरा ओढ सोसतो, दाब सोसत नाही. एका बाजूला कलला तर हा धरेल, दुसऱ्या बाजूला कलला तर तो. वरच्या चौकोनातल्या फुलीलाच बल्बचा होल्डर बांधायचात, म्हणजे तो बरोबर मध्यावर यायचा. मी मात्र दोरे म्हणजे नुसती नक्षी समजून गाळले होते. आता दुसरा कंदील बांधलाय, फुल्यांसकट. तीन आठवडे झाले, ताठ उभा आहे.

तर माझं मागणं असं, की या वर्षीचा कंदील तुम्ही करावा. एका बैठकीत नको. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही ते माहीत आहे, म्हणून जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाका. रोज एक चौकोन, म्हणजे सहा दिवस. कामट्या बुरुडाकडूनच तासून आणा, चाकू चालवायचा हट्ट नको. पेर मध्ये येईल ती कामटी बाजूला काढा, हे मी तुम्हाला काय सांगणार! 9 इंची कामटी घेतलीत तर वरच्या चौकोनापासून खालच्या चौकोनापर्यंत कंदील पावणेतेरा इंचांच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्या दाराला पुरेसा. दिवा एलईडीच लावा. पूर्वीच्या बल्बने कागद करपायचा, आई दर तासाला बाहेर जाऊन हात लावून बघायची. तो घोर तरी आता राहिलेला नाही.

आई, खळ तुझी. एक चमचा मैदा, अर्धी वाटी पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढुरकेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचं. तू चिंचोक्यांचीही करायचीस, ती जास्त चिकट व्हायची, पण चिंचोके भाजा, सोला, भिजवा, वाटा, एवढं आता नको. मोरचूद मात्र अजिबात घालू नकोस, ते विषारी आणि छोटू बोटं तोंडात घालतो. आणि ती तुझी युक्ती, पांढरा ताव लावून झाला की वरून ओला हात हलकेच फिरवायचा. वाळताना कागद ताणला जातो आणि टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. रंगीत तावाला ते करू नको, रंग सुटतो. झिरमिळ्या तू कापायचीस त्याच तऱ्हेने कापून ठेव, चार पदरी घडी घालून. माझ्या अजून तशा होत नाहीत, एका बाजूला जाडच राहतात.

तुझ्याशी आणखी एक बोलायचंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तू गोधडी हातात घेतलेली नाहीस. "सुईत दोराच जात नाही, दरवेळी कुणाला हाक मारू?" असं म्हणालीस तेव्हा तुझा आवाज बदललेला मला कळला. मग इथे शेजारच्या आजींकडे एक गोष्ट पाहिली. त्यांची नात सुट्टीच्या दिवशी रिळाच्या दोऱ्याचं टोक घेते आणि त्यात एकामागून एक दहा सुया ओवून ठेवते. दोरा तोडत नाही. आजी पहिली सुई पुढे ओढतात, हवा तेवढा दोरा घेतात, बाकीच्या नऊ सुया मागे रिळाकडे सरकवतात आणि मग दोरा कापतात. दहा दोरे शिवून होईपर्यंत कुणाला हाक मारायला नको. आणि शिवताना दोरा गुंतायला लागला तर मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा.

माझ्या बारशाच्या वेळची ती अंजिरी साडी तू ट्रंकेत ठेवलीयस ना? ती मधल्या थराला न घालता वर घे. कडेने धावदोरा सुरू करून आत आत येत जा, रोज दोन ओळी झाल्या तरी पुष्कळ. मोठी गोधडी करूच नको, छोटूच्या अंगापुरती कर.

छोटूसाठी हळदीचाही एक खेळ आहे, तुमच्या सांगलीच्या हळदीचा. कोमट पाण्यात दोन चमचे हळद कालवायची, जाड पांढरा कागद त्यात बुडवून सावलीत वाळवायचा. मग साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लिहायचं. अक्षरं लालभडक उमटतात. वरून लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळी. हळदीला चुना लागला की लाल होते ते तुला ठाऊकच आहे, कुंकू तसंच व्हायचं. छोटूला मी हे सांगितलेलं नाही, तूच दाखव. तो तुझ्याभोवती दिवसभर फिरेल. कागद आधी आठ-दहा करून ठेव आणि जुनी साडी नेस, डाग जाणार नाहीत.

आम्ही धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी येतोय. बाबा, तोवर सहाच्या सहा चौकोन सुटे बांधून ठेवा, फुल्या घालून, पण एकमेकांना जोडू नका. कोपऱ्याला कोपरा बांधत गेलं की मधले आठ त्रिकोण न करताच तयार होतात, ते छोटूने तुमच्या हाताखाली पाहावं असं मला फार वाटतं. मी तुमच्याकडून तसेच पाहिले होते.

कंदिलाला सुतळी जाड पडते, दोरा पतंगाचा साधा, मांजा नसलेला घ्या. पैसे मी पाठवत नाही, रागावाल म्हणून. आणि दारावरच्या हुकाला गंज चढलाय असं मागच्या खेपेला दिसलं होतं. स्टुलावर चढू नका, समोरच्यांच्या मुलाला सांगून तेवढा बदलून घ्या.

तुमची,
लेक