ज्यांनी आधी झोपेची चौकशी केली, त्या डॉक्टरांना

सातारा, सप्टेंबर २०२०

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आम्ही तुमचे पेशंटही नव्हतो. लेकीच्या दातांना तारा पुण्यात बसवलेल्या. जागा करण्यासाठी चार दात काढून झालेले, फटी तशाच, आणि लॉकडाऊन लागला. ज्या दवाखान्याने फी आगाऊ घेतली होती, तिथला फोन नुसता वाजत राहायचा. दातांचं काम करताना तुषार उडतात, म्हणून फक्त तातडीचे पेशंट घेतात, हे सगळं मान्य. पण फोनवरून कुणाला करोना होत नव्हता!

दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाल्यावर घरभर नाचलेली पोर तोंडावर हात ठेवून बोलायला लागली. मागची तार गालात टोचत होतीच, पण खरी धास्ती वेगळी होती: आता दात असेच राहणार, की आणखी वाकडे होणार? व्हिडिओ कॉल आला की आतल्या खोलीत पळायची. रात्र रात्र जिभेने फट चाचपत जागी. त्यात घरातलंच एक वडीलधारं माणूस म्हणालं, “इथे माणसं मरतायत आणि हिला दातांचं पडलंय.” मग तिने सांगणंच सोडलं.

मेडिकलवाल्याने तुमचा नंबर दिला. तुम्ही फोटो मागवलेत, टोचणाऱ्या तारेवर मेण कसं लावायचं ते दाखवलंत, टोचणं थांबलं. त्याचे आभार आहेतच. पण हे पत्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या मेसेजसाठी आहे. तो तिच्यासाठी होता: “काल झोप लागली का गं?” दातांचा शब्दही नाही. मला वाचून दाखवताना ती रडली. मग दार लावून तिनेच तुम्हाला फोन केला. काय बोललात, मी विचारलं नाही. जेवताना तिने एवढंच सांगितलं, “उपचार लांबेल, पण वाया नाही जाणार.” हे पुण्याहून कुणीही अर्ध्या मिनिटात सांगू शकलं असतं.

त्या दिवसांत माणुसकी म्हणजे धान्याची किटं वाटणं, असंच आम्हाला वाटायचं. तीही हवीच होती. पण मोठ्या दुःखापुढे लहान दुःखाने गप्प बसावं असा रिवाज पडलेला असताना तुम्ही पोरीच्या भीतीचं माप काढलं नाहीत.

जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास बंद झाल्यावर आम्ही पुण्याहून फाइल आणि एक्स-रे आणले आहेत. पुढचं काम तुमच्याकडेच करायचं, हे तिने परस्पर ठरवून टाकलंय. मेमधले पैसे तुम्ही घेतले नाहीत. या वेळी मात्र घ्यावे लागतील.

तुमची कृतज्ञ,
तिची आई