नावं न बदलता यादी दिलीत, त्याबद्दल

ताई,

फोनवर आभार मानायला लागलो तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जुन्या कॅसेटींचा मोठा साठा आहे. जत्रेतली हौशी नाटकं, सप्ताहातली भजनं, बायकांची धालोची गाणी, चवथीच्या फुगड्या. त्यातली कितीतरी माणसं आज हयात नाहीत. कॅसेटी संगणकावर चढवताना मुलांनी प्रत्येक फाइलीला पुरतं मराठी नाव दिलं. 'चवथीच्या दिवसांतली फुगडी आजी व शेजारच्या बायका', असं. त्या फोल्डरची यादी काढायला सी भाषेतला एक प्रोग्राम आम्ही पैसे मोजून करून घेतला होता. तो यादी काढता काढता मध्येच कोसळायचा. 'सेगमेंटेशन फॉल्ट', म्हणजे प्रोग्रामानं नको तिथल्या मेमरीला हात लावला, एवढंच दिसायचं.

ज्यांनी तो केला त्यांनी फोन घेणं सोडलं. दुसऱ्या एकांनी संगणकच बदला म्हणून सांगितलं. आणखी एकांनी यादी फाइलीत उतरवून शेवटचं नाव पाहिलं आणि तीच फाइल बिघडलीय, काढून टाका, असं ठासून सांगितलं. गावातल्या बायकांनी ती काढू दिली नाही, हे किती बरं झालं! प्रोग्राम फाइलीत लिहायचा मजकूर आधी स्वतःकडे साठवतो आणि कोसळला की तो साठा नाहीसा होतो, त्यामुळे दिसलेलं शेवटचं नाव खरं शेवटचं नसतंच, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. त्या फाइलीत काहीच दोष नव्हता.

एका बाबतीत मात्र या सगळ्यांचं एकमत होतं. मराठी नावं काढा, इंग्रजी अक्षरांत छोटी नावं द्या, नाहीतर नुसते आकडे घाला. याचा मला फार राग यायचा, अजून येतो. आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. इथल्या बायकांचा आवाज साध्या यादीतही त्यांच्या नावानिशी राहू नये?

तुम्ही जत्रेला माहेरी आला होता. ओळख म्हणावी तर तुमच्या मामांच्या ओळखीतून, एवढीच. प्रोग्राम वाचून तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं, "नावं बरोबर आहेत. त्यांना जागा कमी दिलीय."

आणि खरंच तसंच होतं. आमचा संगणक ज्या लिनक्सवर चालतो तिथे फाइलीचं नाव २५५ बाइटांपर्यंत चालतं (बाइट म्हणजे मेमरीतली जागा मोजायचं माप), आणि या प्रोग्रामात ते १०० बाइटांच्या जागेत कोंबलं जात होतं. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं तीन-तीन बाइट घेतं. तेहतीस चिन्हांतच जागा भरायची आणि उरलेलं नाव शेजारच्या मेमरीवर सांडायचं. इंग्रजी छोट्या नावांवर हे कधी दिसलंच नसतं. तुम्ही नावाच्या लांबीएवढी जागा घ्यायला लावलीत आणि फोल्डर उघडला नाही तर कोसळण्याऐवजी तसं सांगायची सोयही केलीत.

पण मला धरून ठेवावीशी वाटते ती वेगळीच गोष्ट. दुरुस्त केलेल्या ओळीच्या वर तुम्ही मराठीत लिहून ठेवलंत, 'इथे फाइलींची नावे देवनागरीत आणि लांब असतात. ती छोटी करू नयेत, जागा मोठी ठेवावी.' प्रोग्राम संगणकाच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ती ओळ सोडून देतो, ती नसती तरी यादी आलीच असती. ती तुम्ही उद्या या कामाला बसणाऱ्या आमच्या गावातल्या एखाद्या मुलासाठी लिहिलीत. तुम्ही पुण्याला परत गेल्यावर त्याला कोणाच्या दारात उभं राहावं लागू नये, हा विचार तुमच्या मनात आला. पैसे घेतलेल्या कोणाच्याही मनात तो आला नव्हता. ती ओळ वाचताना माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच नाही.

जाणकार माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याचं म्हणणं आधी खरं धरून मग शोधायला लागणारी थोडी. अशा माणसांमुळेच गावोगावची कामं तगून आहेत असं मला मनापासून वाटतं.

पूर्ण यादी छापून देवळाच्या मंडपात लावलीय. बायका येऊन आपापल्या आयांची, सासवांची नावं शोधतात. शेजारच्या गावानंही प्रोग्राम मागितलाय, तुम्ही हो म्हणालात तर तुमच्या त्या मराठी ओळीसकट देऊ.

तुमचा ऋणी,
कॅसेटी सांभाळणारा